वण हद्द ओलांडतो तेव्हा

बोरिवलीचा एल. टी. रोड असो, घाटकोपरचा एम. जी. रोड असो की मुलुंडचा झवेर रोड, सराफांच्या दुकानांत कान टोचण्याचं काम बारा महिने चालू असतं. बारसं झालेली बाळं येतात. दहावीची परीक्षा संपली की दुसरं-तिसरं भोक पाडून घ्यायला मुली येतात. आणि हल्ली पाडव्याच्या शोभायात्रेत भिकबाळी मिरवायची म्हणून ढोलपथकातले तरुणही येतात. बहुतेकांचा कान महिना-दीड महिन्यात बरा होतो आणि विषय संपतो. काहींचं मात्र वेगळंच होतं. कान बरा होतो, दुखायचा थांबतो, आणि तीन-चार महिन्यांनी पाळीच्या मागच्या बाजूला हाताला काहीतरी टणक लागतं. आधी मुगाएवढं, मग वाटाण्याएवढं. खाज सुटते, कुशीवर झोपलं की टोचतं. आई म्हणते उष्णता आहे. मावशी म्हणते, खोट्या कानातल्यांमुळे झालं. शेजारच्या काकू म्हणतात, मांस वाढलंय, दोरा बांध, गळून पडेल. त्वचारोगतज्ज्ञ एकदाच बोट लावून बघतात आणि सांगतात, 'कीलॉइड आहे.'

यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'कॅन्सर तर नाही ना?' नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना हसू नये, कारण ज्या माणसाने या गाठीचं बारसं केलं, त्याचाही आधी हाच गोंधळ झाला होता.

ज्याँ-लुई अलिबेर हा पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातला डॉक्टर. त्वचारोगांचा स्वतंत्र अभ्यास नुकता कुठे सुरू होत होता, त्या पिढीतला. एकेका रोगाचं बारकाईने वर्णन करायचं, चित्रकाराकडून त्याचं रंगीत चित्र काढून घ्यायचं आणि मग त्याला नाव द्यायचं, ही त्याची पद्धत. पुढे १८२९ साली त्याने सगळ्या त्वचारोगांचा एक वृक्षच काढला. एकेका फांदीवर एकेक रोगकुल. नाव देताना तो रोग कशासारखा दिसतो यावर भर द्यायचा, आणि तिथेच कधीकधी फसायचा. त्वचेवर अळंब्यांसारख्या गाठी उठणाऱ्या एका रोगाला त्याने बुरशीचं नाव दिलं. तो रोग बुरशीचा नाही, पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचा प्रकार आहे हे पुढे कळलं. तरी नाव आजही बुरशीचंच आहे.

१८०६ साली अलिबेरने जखमेच्या जागी उठणाऱ्या, टणक, कडेने पसरत जाणाऱ्या गाठींचं वर्णन केलं आणि त्यांना 'कांक्रोइड' म्हटलं, म्हणजे कर्करोगासारखी. लॅटिनमधला कॅन्सर, ग्रीकमधला कार्किनोस आणि आपला कर्क हे तिघेही खेकडेच. आपण कर्करोग म्हणतो तेव्हा तोच खेकडा आपल्याही बोलण्यात येतो. पण या गाठी कर्करोगासारख्या वागत नाहीत, हे अलिबेरच्या लवकरच लक्षात आलं. त्या पिकून फुटत नाहीत, दुसऱ्या अवयवात जात नाहीत, माणूस मारत नाहीत. मग १८१६ साली त्याने नाव बदललं. खेकडा ठेवला, पण अख्खा नाही, फक्त त्याची नांगी. ग्रीकमध्ये नांगीला 'खेले' म्हणतात, आणि 'सारखं' या अर्थी शेवटी 'ओइड' लागतं. खेलेसारखं ते कीलॉइड.

नांगीच का, हे पुस्तकातून कळायला जरा कठीण जातं. अंधेरीहून जे. पी. रोड धरून सरळ वेसाव्याला जावं आणि कोळणीच्या टोपलीतली चिंबोरी बघावी. मधे घट्ट, गुळगुळीत, फुगीर पाठ आणि दोन्ही बाजूंना अंगाबाहेर आलेल्या जाड नांग्या. आता छातीवरचं जुनं कीलॉइड डोळ्यांसमोर आणा. मधे चकचकीत, गुलाबी किंवा काळसर उंचवटा, त्यावर एकही केस नाही. आणि दोन्ही कडांनी धडधाकट कातडीत घुसलेले जाड फाटे. मुळात तिथे एखादी मुरमाची पुळी आलेली असते, तीही विसरून गेलेली. अलिबेरने पाहिलं ते हेच.

या नावाची खरी किंमत इथे आहे. जखम भरल्यावर वण उंचावला की प्रत्येक वेळी ते कीलॉइड नसतं. भाजल्यावर किंवा ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा वण पहिले काही महिने लाल, जाड, खाजरा राहतो. पण तो मूळ जखमेच्या रेषेतच असतो. टाके जिथवर होते तिथवरच. वर्ष-दीड वर्षात तो हळूहळू बसतोही. कीलॉइड ही रेषा मानत नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकावर बोराएवढी गाठ चढते, आणि जिथे कधी ओरखडाही उठला नव्हता त्या कातडीवर ती सरकते. शिवाय आपणहून ती क्वचितच बसते. जखमेच्या हद्दीत राहिला तो वाढलेला वण, हद्द ओलांडली ते कीलॉइड. डॉक्टर बोट लावून, कडा चाचपून बघतात ते यासाठीच. बहुतेक वेळा तुकडा काढून तपासायची गरज पडत नाही. उलट विनाकारण तुकडा काढणं म्हणजे गाठीला आणखी एक जखम देणं.

नावाच्या बाबतीत पुढे आणखी एक घोळ झाला. लंडनचे टॉमस ॲडिसन, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या आजाराला ज्यांचं नाव आहे तेच, यांनी १८५४ साली एक निबंध वाचला आणि त्वचा चकत्या-चकत्यांनी कडक होणाऱ्या एका वेगळ्याच रोगाला 'खरं कीलॉइड' म्हटलं. त्यामुळे काही काळ अलिबेरचं कीलॉइड निराळं आणि ॲडिसनचं निराळं अशी दोन खाती चालली. ॲडिसनच्या रोगाला आज मॉर्फिया म्हणतात. नांगी अलिबेरच्या गाठीकडेच राहिली आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

हद्द ओलांडणं म्हणजे कातडीच्या आत नेमकं काय होतं? जखम झाली की रक्त गोठतं, खपली धरते. खपलीखाली आधी साफसफाई करणाऱ्या पेशी येतात आणि मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. या पेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणून खळगा भरतात. आधी घाईघाईचे, बारीक धागे. नंतर महिनोन्‌महिने ते काढून त्या जागी जाड, मजबूत धागे घालण्याचं काम चालतं. एवढं होऊनही मूळ कातडी परत येत नाहीच. वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही, आणि ताकद फार तर मूळ कातडीच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचते. थोडक्यात, हे रस्त्यावरचा खड्डा बुजवण्यासारखं आहे: ठिगळ दिसतं, पण गाडी जाते. कीलॉइडमध्ये खड्डा भरून झाला तरी कंत्राटदार डांबर ओतायचा थांबत नाही. आधी उंचवटा होतो, मग ते फुटपाथवर येतं. सूक्ष्मदर्शकाखाली कीलॉइडचा काप पाहिला तर काचेसारखे चकचकीत, वेडेवाकडे, जाडजूड कोलॅजेनचे पट्टे दिसतात. नेहमीच्या वणात असे पट्टे सापडत नाहीत.

'थांबा' हा निरोप या पेशींना का पोचत नाही, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेही नाही. पण काही धागे हाती लागले आहेत. पहिला रक्ताचा. आई-वडील, भावंडं यांच्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या-काळ्या कातडीत हे कितीतरी जास्त दिसतं. दुसरा वयाचा. दहा ते तीस ही या गाठींची ऐन वर्षं. तान्ह्या बाळांत आणि म्हाताऱ्यांत त्या विरळ. तिसरा जागेचा, आणि तो मला सगळ्यात रंजक वाटतो. छातीचा मधला भाग, खांदा, दंड, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड, कानाची पाळी या तिच्या लाडक्या जागा. तळहात, तळपाय आणि पापण्यांवर ती जवळपास कधीच येत नाही.

जागांच्या या आवडीनिवडीचं एक उत्तर कातडीच्या ताणात शोधलं जातं. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ साली प्रेतांच्या कातडीला गोल टोकाच्या आरीने शेकडो भोकं पाडली. आरी गोल, पण भोकं झाली लांबट, आणि शरीराच्या प्रत्येक भागात ठरावीक दिशेला लांबट. कातडी सगळीकडे सारखी पडलेली नसते, ती ताणून बसवलेली असते, हे त्यातून दिसलं. आजही शल्यविशारद छेद देताना या भोकांच्या दिशेने जाणाऱ्या रेषा लक्षात ठेवतात. आता छातीचं बघा: श्वास घेतला, हात उचलला, लोकलमध्ये वरची कडी पकडली की प्रत्येक वेळी तिथली कातडी दोन्ही बाजूंनी ओढली जाते. छातीवरचं कीलॉइडही आडवंच पसरतं, ताणाच्या दिशेने. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधल्या रेई ओगावा यांनी ताण आणि कीलॉइड यांच्या नात्यावर बरंच काम केलं आहे. पापणीची कातडी सैल, तिथे गाठ नाही, इथवर गणित चोख जुळतं. मग कानाची पाळी मधे येते आणि ते बिघडवते. पाळीवर ताण कसला? तरीही मुंबईच्या कुठल्याही त्वचारोग ओपीडीत विचारा, कानाची कीलॉइडं रांगेत सापडतील. बरी न झालेली जखम, आत गेलेले जंतू, रोज खुपणारं, ओढलं जाणारं कानातलं अशी कारणं यासाठी दिली जातात.

कान टोचणं आपल्याकडे फार जुनं असल्यामुळे त्याच्या परिणामांचा विचारही जुना आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि तो वाचताना हे लिहिणाऱ्याने शेकडो कान स्वतः टोचले असणार याची खात्री पटते. बाळ सहा-सात महिन्यांचं असताना टोचावं. दाईच्या मांडीवर बसवून, खेळणी देऊन त्याला रमवावं. डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि ऊन आरपार दिसेल अशा बेताने पाळीतली मुळातली पातळ जागा शोधावी. तिथे सरळ, एका झटक्यात वेध करावा. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. कान पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. रक्त फार आलं किंवा दुखलं तर जागा चुकली असं समजावं. मग भोकात कापसाची वात घालायची, तेलाने भिजवायची आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात बदलायची. प्रकाशात रक्तवाहिन्या चुकवायच्या हे यातलं मर्म. 'सोनाराने कान टोचावे' ही आपली म्हण उगाच आलेली नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच ते काम करावं.

जखमेनंतर उठणाऱ्या गाठीचा उल्लेखही आयुर्वेदात आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ग्रंथींचे प्रकार सांगताना 'व्रणग्रंथी' येते: जखम पुरती भरलेली नसताना किंवा नुकती भरलेली असताना पथ्य मोडलं, जागेला मार बसला, तर तिथे उठणारी, आग होणारी आणि खाजणारी गाठ. ही म्हणजेच कीलॉइड असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. जुन्या ग्रंथांतल्या वर्णनांना आजची लेबलं चिकटवण्याचा उत्साह मला नेहमीच जरा जास्त वाटतो. पण आग आणि खाज ही दोन्ही लक्षणं आजचे रुग्णही पहिल्या वाक्यात सांगतात. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यातही खोल गेलेला व्रण वर आणण्याचा आणि वर आलेला खाली बसवण्याचा असे दोन वेगळे उपाय आहेत. म्हणजे 'वण नीट बसत नाही' ही तक्रार घेऊन लोक तेव्हाही येत होते.

मुंबईपुरतं बोलायचं तर दंडावरच्या वणाला आणखी एक इतिहास आहे. १४ जून १८०२ रोजी याच शहरात ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी ठरलेलं ते पहिलं लसीकरण. बगदाद, बसरा असा प्रवास करत लस इथवर पोचली होती. पुढे पावणेदोनशे वर्षं 'देवी काढलेला' दंड ही भारतीय अंगावरची खूणच झाली. १९७५ साली देशातून देवी गेली. आज पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर ते गोल वण अजून दिसतात. त्यानंतरच्या पिढीच्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण असतो. जन्मानंतर लगेच दिली जाणारी ही लस नीट लागली की दोन-तीन आठवड्यांत पुळी येते, ती फुटते, काही आठवड्यांत भरते आणि छोटासा खड्डा उरतो. काहींच्या दंडावर मात्र खड्ड्याऐवजी उंचवटा येतो आणि वयात येताना तो वाढू लागतो. बीसीजीची सुई खांद्याच्या गोलाईवर न मारता जरा खाली, स्नायूचं टोक हाडाला जोडलं जातं तिथे मारावी असा जो आग्रह असतो, त्यामागे हेही एक कारण आहे: सुई जितकी खांद्याकडे, तितका कीलॉइडचा धोका जास्त.

आता उपचार. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'काढून टाका एकदाची'. निव्वळ कापून काढलेली कीलॉइडं किती परत येतात याचे वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे ४५ ते १०० टक्के असे आहेत, आणि परत येणारी गाठ पुष्कळदा आधीपेक्षा मोठी असते. कारण उघड आहे: कापणं हीही जखमच. पार्लरमध्ये जाळणं, ॲसिड लावणं, केस किंवा दोरा बांधणं, सगळ्याचं फळ तेच.

पहिला उपाय बहुधा ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन, थेट गाठीत. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गाठ इतकी कठीण असते की डॉक्टरांना अंगठ्याने सिरिंजवर अक्षरशः रेटावं लागतं. साधी सुई दाबाने निसटते, म्हणून फिरवून घट्ट बसणारी सुई वापरतात. औषध आत शिरतं तसतशी गाठ पांढरी पडत जाते. ते दिसलं की डॉक्टर समजतात, औषध योग्य जागी गेलं. दुखतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी एक असं महिनोन्‌महिने करावं लागतं. गाठ मऊ होते, बसते, खाज तर बहुतेकांची लवकर थांबते. आजूबाजूची कातडी पातळ होणं किंवा रंग फिका पडणं हे याचे दुष्परिणाम. काही गाठींना द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात, किंवा स्टिरॉइडबरोबर ५-फ्लुरोयुरॅसिल देतात. शस्त्रक्रिया केलीच तर एकटी करत नाहीत. पाठोपाठ इंजेक्शनं, किंवा एक-दोन दिवसांतच किरणोपचार. कानाच्या बाबतीत दाब देणाऱ्या क्लिपा मिळतात, त्या दिवसाचे बरेच तास आणि पुढे कितीतरी महिने लावून ठेवाव्या लागतात. सिलिकॉनच्या पट्ट्याही रोज बारा तासांहून जास्त. बहुतेक अपयश इथेच येतं: तीन इंजेक्शनांनी गाठ बसली की माणूस ओपीडीत फिरकत नाही आणि वर्षाने पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो.

आणि प्रत्येक गाठ कीलॉइड नसते, हेही सांगायला हवं. नाक टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांतच लालभडक, ओलसर, हात लागला की रक्त येणारी गाठ उठली तर ती बहुधा ग्रॅन्युलोमा असते. तिचा उपचार वेगळा आणि सोपा. कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे भिकबाळी किंवा बुगडीच्या जागी, मांसल पाळी नसून कूर्चा असते. तिथे टोचल्यावर कान लाल, गरम होऊन ठणकू लागला तर तो कूर्चेचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात थांबून चालत नाही. कान कायमचा वाकडा होतो. मॉलमधल्या टोचण्याच्या गनबद्दल इतकंच म्हणेन की ती पाळीसाठी ठीक असेल, कूर्चेसाठी नको. ती भोक पाडत नाही, दणका देते.

घरात कुणाला कीलॉइड असेल तर मुलांचे कान लहानपणीच टोचून घ्यावेत. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात, वयाच्या अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत कीलॉइडचं प्रमाण त्याआधी टोचलेल्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. मोठेपणी दुसरं-तिसरं भोक पाडायची, छाती-खांद्यावर गोंदवायची किंवा छातीवरचा निरुपद्रवी तीळ केवळ दिसायला बरा नाही म्हणून काढायची हौस असेल, तर आधी आपल्या आणि आई-वडिलांच्या अंगावरचे जुने वण हात लावून बघा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर ही गोष्ट सर्जनला आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. आणि गाठ आलीच असेल, तर ती मुगाएवढी असतानाच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. उपनगरातल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये, घाटकोपरच्या राजावाडीत, त्वचारोगाची ओपीडी आहे आणि तिथे केसपेपरला फार पैसे लागत नाहीत.